सोळा पुतळ्या आणि एक

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एक खाच आहे. डॉक्टरांनी एकदा विचारलं, काही लागलं होतं का? म्हटलं, नाही डॉक्टर, ही कमाई आहे. पंचेचाळीस वर्षं त्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवून मी बायकांची मंगळसूत्रं, पोती आणि बोरमाळा गाठवल्या. आम्ही पटवेकरी. सोनार सोनं घडवतो, सराफ विकतो, आणि ते गळ्यात नीट बसेल असं दोऱ्यात ओवून, गाठ मारून, मागं गोंडा लावून देतो तो पटवेकरी. दागिन्याचं कौतुक होतं तेव्हा आमचं नाव कोणी घेत नाही. दोरा तुटला की मात्र पहिल्यांदा आमचंच घेतात.

जन्म अकोल्याच्या जुन्या शहरातला. घरात हिंदी, शाळा नगरपालिकेची मराठी, आणि गिऱ्हाइकं सगळी वऱ्हाडी, त्यामुळे माझी जीभ तीन ठिकाणी वळते. अब्बांचा ओटा सराफ्यात होता, एका सराफाच्या पायरीला लागून. त्या ओट्यावर मी अठराव्या वर्षी बसलो तो गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत उठलो नाही. आता लोक मला पटवेकरी म्हणून नाही, ‘नाणेवाले रशीदभाई’ म्हणून ओळखतात. संपादकांनाही या अंकासाठी माझ्याकडून नाण्यांचंच हवं आहे. दोऱ्याचं कोणी मागत नाही. असो. पण माझ्याकडे नाणी आली ती दोऱ्यावरूनच, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पुतळ्यांची माळ तुम्ही जुन्या लग्नांच्या फोटोंत पाहिली असेल. जुन्या चार आण्याएवढी सोन्याची पातळ चकती, वर डाख देऊन जोडलेली कडी, अशा पंधरा-वीस चकत्या ओळीनं. चकतीवर दोन माणसं असतात, एक उभा, एक गुडघे टेकलेला, मध्ये झेंड्याची काठी. आमच्याकडे कोणी त्यांना राम-सीता म्हणतं, कोणी लक्ष्मी-नारायण. आणि गुडघे टेकलेल्या दाढीवाल्याला सीता म्हणताना आजवर कोणाला अडचण आलेली मी पाहिली नाही.

खरं म्हणजे ते इटलीतल्या व्हेनिस शहराचं नाणं, डुकाट. उभा आहे तो त्यांचा संत, गुडघे टेकलेला त्यांचा राजप्रमुख. मसाल्याच्या आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी जहाजानं आपल्याकडे आली. सोनं इतकं चोख, की आपल्या लोकांनी ती खर्चायच्या ऐवजी गळ्यात घातली. पुढं मूळ नाणी पुरेनात, तेव्हा इकडच्या सोनारांनी तसाच ठसा करून आपल्या पुतळ्या पाडल्या. चित्र त्यांना जमलं. अक्षरं मात्र कोणाला वाचता येत होती? त्यांनी ती नक्षी समजून काढली, रेघ, कोन, पुन्हा रेघ.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेविसाव्या वर्षी यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, आणि पुढची गोष्ट तेव्हाची आहे.

त्याआधी आमची एक रीत सांगायला हवी. माळ गाठवायला आली की तोडण्यापूर्वी प्रत्येक पुतळीच्या दोन्ही बाजूंवर पतंगाचा पातळ कागद ठेवायचा आणि वरून शिसपेन घासायची. नाण्याचा छाप कागदावर उठतो. तो कागद वहीत चिकटवायचा, खाली नाव-गाव लिहायचं, गिऱ्हाइकाची सही किंवा अंगठा घ्यायचा. काम झालं की पुन्हा मिळवून दाखवायचं. म्हणजे ‘रशीदनं आमची पुतळी बदलली’ असं म्हणायला कोणाला तोंड राहत नाही. अब्बांनी काढलेली ही युक्ती. वहीचं नाव छापवही. अशा अकरा वह्या आजही माझ्या कपाटात आहेत, आणि त्यांतल्या तिसऱ्या वहीनं माझी झोप उडवली.

झालं असं. अब्बा बऱ्हाणपूरला लग्नाला गेलेले, ओट्यावर मी एकटा. एक सासू आणि तिची नवीन सून आली, वरूडकडची संत्र्याच्या बागांवाली माणसं. वरूडचे लोक दागिन्याला अमरावतीलाच जातात, पण या सासूबाईंचं माहेर अकोल्याचं, म्हणून त्यांचा भरवसा आमच्याच ओट्यावर. माळ होती सोळा पुतळ्यांची. त्यांच्या घरची पद्धत अशी, की सासरच्या माळेत सुनेच्या माहेरची एक पुतळी घालायची आणि मगच ती तिच्या गळ्यात पडायची. सुनेनं पदराच्या गाठीतून आपली पुतळी काढली. नाव इंदू. वय असेल एकोणीस-वीस.

मी छाप घेतले. आता पटवेकऱ्याचा डोळा कसा तयार होतो ते लक्षात घ्या. त्याला दिवसभर एकच काम, जुळवायचं. मणी मण्याशी, वाटी वाटीशी. जुळत नाही ते बाजूला काढायचं. सोळा छाप एकसारखे आले, त्याच रेघा, तेच कोन. सतरावा वेगळा. अक्षरं निराळी, चित्रातल्या माणसाची टोपीसुद्धा निराळी.

अब्बा असते तर त्यांनी डोकं खाजवलं असतं आणि गप्प राहिले असते. मी तेविसाचा होतो. म्हणालो, “बाई, ही एक जुळत नाही. सोळांत बसत नाही ही.”

सासूबाई म्हणाल्या, “म्हंजे खोटी?”

“सोनं असेल. पण पुतळी खरी नाही वाटत.”

‘वाटत’ हा शब्द मी घातला होता. मोठ्या चतुराईनं घातला होता. पण ऐकणाऱ्यानं तो तिथंच सोडून दिला.

सून पहिल्यांदाच बोलली. “माह्या बानं देल्ली ते. आजीच्या गळ्यातली हाय.”

“आसन वं तुह्या आजीची,” सासूबाई म्हणाल्या, “पन सोळा एकीकडं आन हे एकटी एकीकडं. कोन खरं, ते का सांगा लागते? काढ रे बाजूले.”

मी सोळाच गाठवल्या. सतरावी तिच्या हातावर ठेवली. तिनं मूठ मिटली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. वहीत मी छापाखाली लिहिलं, ‘एक बाद’. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो हे कबूल करायला आज जड जातं, पण होतो.

त्यानंतर आयुष्य दोऱ्यासारखं पुढं गेलं, त्याचा तपशील तुम्हाला नको. पुतळ्यांमुळे परदेशी नाण्यांचा नाद लागला, आणि वऱ्हाडात जुनं विलायती नाणं कोणाला सापडलं की तो माझ्या ओट्यावर येऊ लागला. एकेक नमुने आले. एकानं कॅसिनोतलं पितळी टोकन रोमन बादशहाचं म्हणून आणलं. एक मास्तर तीन महिने एका नाण्यावर अभ्यास करून आले, ते कोटाचं बटण निघालं. मागची कडी त्यांनी ‘शिवकालीन छिद्र’ म्हणून वहीत काढून घेतली होती.

पण ज्याचे माझ्यावर उपकार आहेत तो धारणीचा जीपवाला. धारणी-परतवाडा गाडी चालवायचा. एका दुपारी आला, रुमालातून चांदीचं वाटीच्या बुडाएवढं नाणं काढलं आणि दार लावून घ्या म्हणाला. माझ्या ओट्याला दारच नाही.

“रशीदभाई, साडेतीन कोटी.”

“कोण म्हणतं?”

“मोबाईलवर दाखोलं ना. सेम टू सेम. सतराशे ऐंशी साल, राणीचं मुंडकं, मांगं दोन तोंडाचा गरुड. तुमी दोन कोटीत घ्या, वरचे तुमाले.”

इतक्या उदारपणे मला दीड कोटी आजवर कोणी दिले नव्हते. मी नाणं हातात घेतलं तर ते आरशासारखं चमकत होतं. “घासलं का?”

“मंग! चिच अन राखुंडी लावून बायकोनं दोन दिवस घासलं. घाण होतं लय.”

इथं थोडं धंद्याचं सांगतो, कारण ही चूक घरोघरी होते. जुन्या नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते. ते कोणाचं आणि कधीचं, हे अक्षरं सांगतात. किती झिजलं, हे डोळा सांगतो. आणि मिळाल्यावर आपण त्याचं काय केलं, हे मात्र कोणी सांगायला तयार नसतं. दोनशे वर्षांत नाण्यावर जो काळपट रंग चढतो, त्यालाच शौकीन माणूस पैसे मोजतो. आपण तो लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंचेनं काढतो आणि मग त्याच्याकडे कोटी मागतो.

अक्षरं मला वाचता येईनात. तेव्हा कोणीतरी अमरावतीच्या एका म्हाताऱ्या फादरांचं नाव सांगितलं. मूळचे वसईकडचे, मराठी आपल्यासारखंच, आणि लॅटिन येणारे मला ठाऊक असलेले एकटेच. जीपवाल्याला घेऊन मीच गेलो. फादरांनी भिंग लावलं आणि हसायला लागले.

“रशीद, लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ लिहितात, ते न समजणाऱ्या माणसाला कसं वाटेल? तसंच हे. जागा थोडी आणि मान मोठा, म्हणून प्रत्येक पदवीची दोन-तीन अक्षरं. ही म्हणते, रोमनांची सम्राज्ञी, हंगेरीची राणी, बोहेमियाची राणी. मागं चाललंच आहे, ऑस्ट्रियाची अमुक, बर्गंडीची तमुक. हे बघ, ‘डुक्स’. डी, यू, एक्स. म्हणजे सरदार, मुलखाचा प्रमुख. जुन्या नाण्यांवर हा यू व्हीसारखा काढतात, गोंधळू नकोस.”

“आन साल?” जीपवाल्यानं विचारलं.

“सालच तर गंमत. ही राणी गेली त्या सालाचं नाणं व्यापाऱ्यांना इतकं आवडलं, की पुढं दीडशे-दोनशे वर्षं तेच साल घालून पाडत राहिले. एकदा तर मुंबईतसुद्धा पाडलं.”

म्हणजे चांदीचा भाव, वर थोडेसे. जीपवाल्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, “मंग माह्या बायकोले सांगू नका. दोन दिवस घासलं तिनं.” ते नाणं त्यानं विकलं नाही. त्याला छिद्र पाडून जीपच्या आरशाला टांगलं, म्हणजे उरलीसुरली किंमतही गेली. भला माणूस.

मला मात्र वेड लागलं. दर पंधरा दिवसांनी मी अमरावतीची बस धरायचो आणि फादरांसमोर बसायचो. साठीच्या पुढं लॅटिनची बाराखडी. घरी आमच्या बेगम सलमाबी म्हणायच्या, “अब क्या पादरी बनते क्या?” एका दुपारी घरी बसून जुन्या छापवह्या चाळत होतो, निव्वळ गंमत म्हणून, की आता काही वाचता येतं का. बहुतेक पुतळ्यांवर काहीच वाचता येईना, आपल्या सोनारांच्या रेघा नि कोन. तिसरी वही. वरूड. सोळा छाप, रेघा नि कोन. आणि सतराव्या छापात झेंड्याच्या काठीला लागून, एकाखाली एक, स्वच्छ तीन अक्षरं. डी, व्ही, एक्स.

डुक्स.

खाली माझ्याच अक्षरात, ‘एक बाद’.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन अमरावती गाठली. फादर सोळा छापांवरून भिंग फिरवत गेले. “हे कोणत्याच भाषेत नाही, रशीद.” सतराव्यापाशी थांबले आणि पत्र वाचावं तसं वाचत गेले. डाव्या बाजूला संताचं नाव, ‘व्हेनिसचा’. उजवीकडे राजप्रमुखाचं नाव, त्यावरून ते नाणं कोणत्या पिढीचं तेही कळलं. उलट्या बाजूचा छाप वाचताना त्यांचा आवाज जरा हळू झाला. “ही प्रार्थना आहे. हे ख्रिस्ता, ज्याच्यावर तुझंच राज्य आहे, तो हा मुलूख तुला अर्पण असो.” मग वर बघून म्हणाले, “म्हणजे ख्रिस्ताची प्रार्थना, गळा वऱ्हाडातल्या पाटलिणीचा, आणि ओवणारा मुसलमान! वा.”

“ओवली कुठं फादर,” मी म्हणालो. “मी ती बाजूला काढली.”

सतरांत एकच खरी होती आणि बाकी सोळा सारख्या म्हणून मी तिला खोटी ठरवली. आमच्या धंद्याला शोभेल अशीच चूक. दुसरा कोणी असता तर नाणं पाहिलं असतं. मी जोड पाहिला.

आता लगेच उठून वरूडला गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. चार महिने गेलो नाही. आधी गुडघ्याचं कारण, मग उन्हाचं. शेवटी सलमा म्हणाली, “जबान तुम्हारी चली थी ना? अब पाँव भी तुम्हारेच चलेंगे.” वही पिशवीत घातली, भिंग, रेशीम, पतंगाचा कागद घेतला आणि निघालो.

वहीत नाव-गाव होतं, त्यामुळे घर सापडायला त्रास झाला नाही. बाई घरी नव्हत्या. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्यांची पॅकिंगची शेड आहे, तिथं ट्रॅक्टर रिकामे होत होते आणि संत्र्यांच्या ढिगापाशी खुर्ची टाकून एक साठीच्या बाई बसल्या होत्या. हातानं संत्री वेगळी करत होत्या, मोठी, मधली, बारकी, आणि तोंडानं ट्रकवाल्याला झापत होत्या. मी नाव सांगितलं, अकोल्याचा पटवेकरी म्हटलं. हात थांबला नाही.

“ओयखलं. तुमचं तोंड मी कायले भुलतो?”

मग मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. वही उघडून दाखवली. शेडमधल्या कामवाल्या बायका आणि इंदूताईंची सून, जी हिशेबाच्या टेबलापाशी होती, सगळ्याच ऐकू लागल्या. माझं बोलणं संपलं तेव्हा इंदूताईंच्या हातात एक संत्रं तसंच होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, गळ्यातला काळा दोरा ओढला आणि पोलक्याच्या आतून पुतळी बाहेर काढली. चाळीस वर्षं अंगाला लागून एक बाजू पार गुळगुळीत झालेली. दुसरी बाजू शाबूत. मी भिंग धरलं. काठी, आणि काठीला लागून तीन अक्षरं.

“ही खरी आहे ताई. शंभर टक्के. माझंच चुकलं.”

“बाचं खरं होतं मंग,” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

“तुमी गेले गोठ बोलून. इकडं सासूनं साऱ्या सोयऱ्यायले सांगतलं, इवायानं खोटी पुतळी देल्ली म्हनून. बा आला, म्हने दुसरी करून देतो. मी नाई म्हनलं. मंग तो ह्या घरात पानी बी प्याला नाई कदी. मले भेटाचं असलं तं स्टँडवर याचा. तिथंच बसून बोलावं आमी. बारा वर्षं. मंग गेला.”

हे त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भाव सांगावा तसं सांगितलं. मला फार लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही. मी हात जोडले. त्या सुनेला म्हणाल्या, “रशीदभाऊले पानी दे. उभे काहून ठेवले त्याईले?”

मी पाणी प्यालो. मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला येताना बसमध्ये भीती वाटत होती.

“आन त्या सोळा?”

सोळांची माळ आता सुनेच्या गळ्यात होती; माहेरची पुतळी घालायची रीत त्या घरात इंदूताईंपाशीच थांबली होती. तिचा हात आपोआप माळेवर गेला. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एकदा माझी जीभ चालली होती आणि एका बापाला पुढं बारा वर्षं लेकीला एस.टी. स्टँडवर भेटावं लागलं होतं. मी इंदूताईंकडे पाहिलं. त्या बाईला काही वेगळं सांगायची गरज नव्हती, माझ्या थांबण्यावरून त्या समजल्या. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर असं काही चमकलं की मला वाटलं, आता चाळीस वर्षांचं सगळं बाहेर येणार. सासूबाई केव्हाच वारल्या होत्या, पण तेव्हा त्यांचं ऐकलेले सोयरे अजून होते.

“सूनबाई, माळ काढ,” त्या म्हणाल्या. “रशीदभाऊ, बसा. ही मधात घालून द्या. पन आंधी छाप घ्या सतराचे. तुमच्यावर माहा भरोसा नाई.”

बायका हसल्या. मीही हसलो. संत्र्याच्या दोन खोक्यांवर बसून छाप घेतले, दोरा तोडला आणि उजव्या अंगठ्याला नवीन रेशीम अडकवलं. गुडघा ओरडत होता, पण बोटं विसरली नव्हती. आठ पुतळ्या, मग इंदूताईंची, मग आठ. अंगाला लागलेली गुळगुळीत बाजू आत, अक्षरांची बाजू बाहेर. शेवटची गाठ मारून गोंडा बसवला आणि सतराही पुतळ्या एकेक करून छापांशी मिळवून दाखवल्या.

सुनेनं माळ हातात घेतली. हळूच म्हणाली, “आई, ह्याच्यात खरी कोन्ती हाय वं?”

“साऱ्या,” इंदूताई म्हणाल्या. “घाल गळ्यात.”

मग मला विचारलं, “किंमत किती हाय माहीची?” मी खरं ते सांगितलं. कडी डाखलेली नसती, अंगावर झिजली नसती, तर शौकिनानं बरेच दिले असते. आता सोन्याचा भाव आणि वर थोडंफार. “इकाची कोनाले हाय,” त्या म्हणाल्या. “बाले सांगाची होती किंमत.”

मजुरी घ्यायचा प्रश्नच नव्हता, तरी त्यांनी जबरदस्तीनं संत्र्याची पेटी दिली. सही घ्यायला मी छापवही पुढं केली. जुनं पान उघडून ‘एक बाद’ खोडू का, असं विचारलं. नको म्हणाल्या, राहू द्या, तुमाले आठवन राहीन. नवीन पानावर सतरा छाप होते. चाळीस वर्षांपूर्वी जुन्या पानावर सहीच्या जागी सासूचा अंगठा उठला होता. इंदूताईंनी पेन घेतलं, चष्मा वर केला आणि सावकाश सही केली. सही सासरच्या नावानं नव्हती. आधी इंदू, मग बापाचं नाव, मग माहेरचं आडनाव. बापाचं नाव लिहून झाल्यावर त्यांनी त्यावरून पुन्हा एकदा पेन फिरवलं, म्हणजे ते ठळक दिसावं.